वाचकांचे प्रश्न : कुंपणाच्या कंपनीचा संघ

मागील अंकात जॅकी रॉबिन्सन यांच्याविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना, त्यांच्या पन्नास वर्षे आधी अमेरिकेत होऊन गेलेल्या ‘पेज फेन्स जायंट्स’ या कृष्णवर्णीय व्यावसायिक बेसबॉल संघाचा आम्ही दोन ओळींत उल्लेख केला होता. रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना कित्येक दशके असलेली बंदी संपली. त्या दोन ओळींवरून मात्र पुण्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्या संघासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. या खेळाडूंचा स्वतःचा रेल्वेचा डबा होता, असे आपण लिहिले आहे. आमच्या नोकरीत असा डबा, म्हणजे सलून, फक्त वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाट्याला येत असे. ज्यांना गोऱ्यांच्या संघात जागा नव्हती त्यांना स्वतंत्र डबा कसा मिळाला? हा संघ नेमका काय होता, तेही सविस्तर सांगावे.
(एक वाचक, घोरपडी)

उत्तर : आपण डब्यापासून सुरुवात केलीत हे बरे झाले, कारण या संघाची सगळी हकीकत त्या डब्याभोवतीच फिरते.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अ‍ॅड्रियन नावाचे एक लहान शहर आहे. तिथे जे. वॉलेस पेज यांचा, शेताला घालायच्या तारेच्या विणलेल्या जाळीचे कुंपण तयार करणारा कारखाना होता. १८९४ साली बड फाउलर आणि ग्रँट जॉन्सन हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू शेजारच्या ओहायो राज्यातील फिंडले गावाच्या संघात खेळत होते. केवळ कृष्णवर्णीय खेळाडूंचा, पगारावर खेळणारा आणि गावोगाव फिरणारा संघ उभारावा, असे त्यांच्या मनात होते; परंतु फिंडलेत पैशाची जुळणी झाली नाही, म्हणून त्यांनी अ‍ॅड्रियनमधील व्यावसायिकांकडे शब्द टाकला. कुंपणाच्या कंपनीला आपले नाव शेतकऱ्यांच्या गावांत पोहोचवायचे होते आणि या दोघांना खेळायला संघ हवा होता. त्या देवघेवीतून १८९५ च्या हंगामासाठी ‘पेज फेन्स जायंट्स’ उभा राहिला, आणि १८९८ चा हंगाम संपताच तो संपला. चार उन्हाळे, एवढेच त्याचे आयुष्य.

आता डब्याविषयी. संघासाठी खास तयार करवून घेतलेल्या या डब्यात झोपण्याची सोय होती, स्वयंपाकघर होते, आणि स्वयंपाकी व पोर्टर असे दोन नोकर सोबत असत. डब्याच्या दोन्ही अंगांवर कंपनीची जाहिरात रंगवलेली होती. असा डबा नेहमीच्या गाडीला जोडायचा, सामन्याच्या गावी साइडिंगला लावून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गाडीला लावायचा, ही कामाची पद्धत आपल्याला सांगायला नको. सलूनमधला साहेब उतरला की त्याच्यासाठी विश्रामगृह उघडलेले असे. या खेळाडूंसाठी गावातले हॉटेल उघडेलच याची खात्री नव्हती, आणि खाणावळीत ताट मिळेल याचीही नव्हती. मिशिगन, ओहायो, इंडियाना ही उत्तरेकडील राज्ये. तिथे गुलामगिरी कधीच मोडीत निघाली होती आणि दक्षिणेसारखे वेगळ्या डब्याचे कायदेही नव्हते. तरीही हॉटेलचा दरवाजा लावून घ्यायला कायदा लागत नाही. म्हणून तो डबा कंपनीसाठी फिरता फलक होता, तर खेळाडूंसाठी रात्री हमखास अंग टाकता येईल अशी एकमेव जागा होती.

दक्षिणेत याच सुमारास काय चालले होते, तेही आपल्या खात्याशी संबंधित असल्याने सांगतो. लुइझियाना राज्यात होमर प्लेसी हे गृहस्थ १८९२ मध्ये मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसले आणि त्यांना अटक झाली. त्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मे १८९६ रोजी दिला आणि सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवण्यास हरकत नाही, असे ठरवले. त्याच उन्हाळ्यात पेज फेन्सचा डबा आपला दुसरा हंगाम फिरत होता.

संघ गावात आला की खेळाडू गणवेश घालून सायकलींवरून मुख्य रस्त्याने मिरवत मैदानाकडे जात. सायकली एका सायकल कंपनीने पुरवल्या होत्या, म्हणजे तीही जाहिरातच. पण शेतावरून बाजाराला आलेल्या माणसाच्या दृष्टीने विचार करावा. सायकल ही तेव्हा नवलाईची वस्तू होती, आणि तिच्यावर एका रांगेत, ताठ पाठीने, कोऱ्या गणवेशातले दहा-बारा कृष्णवर्णीय तरुण. दुपारी याच तरुणांनी गावच्या संघाला हरवायचे होते.

प्रश्न : ‘जायंट्स’ हेच नाव का? न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध संघाशी यांचा काही संबंध होता का?
(एक विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : संबंध नव्हता. १८८५ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील बॅबिलोन या गावी, एका हॉटेलातील वेटरमंडळींच्या संघातून ‘क्यूबन जायंट्स’ हा पहिला पगारी कृष्णवर्णीय संघ तयार झाला. त्यात क्यूबाचे कोणी नव्हते. त्याचा नावलौकिक इतका झाला की पुढे कृष्णवर्णीय संघांनी ‘जायंट्स’ हे नाव लावण्याची रीतच पडली, आणि भित्तिपत्रकावर ते नाव वाचले की संघ कोणाचा हे लोकांना आपोआप कळू लागले.

प्रश्न : मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. या संघाने एका हंगामात सलग ८२ सामने जिंकले, असे आपण लिहिले होते. हा आकडा विश्वसनीय मानावा का? आणि इतका बलाढ्य संघ चार वर्षांत बंद का पडला?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आधी आकडे. पहिल्या म्हणजे १८९५ च्या हंगामात ११८ विजय, ३६ पराभव आणि २ बरोबरी अशी नोंद आहे. १८९७ मध्ये १२५ विजय आणि अवघे १२ पराभव, आणि त्यातच ते सलग ८२ विजय. नोंदी खऱ्या आहेत, परंतु त्या वाचताना समोर कोण होते हे विसरता कामा नये. बहुतेक सामने गावोगावच्या स्थानिक संघांशी झाले; त्यांत कोणी लोहार, कोणी दुकानदार, कोणी शेतमजूर. आपल्याकडे मुंबईचा रणजी संघ तालुक्या-तालुक्यांतून खेळत फिरला तर जे होईल तेच तिथे होत होते.

संघाचा खरा कस लागलेले सामने दोन ठिकाणी सापडतात. एप्रिल १८९५ मध्ये, संघ नुकताच जुळलेला असताना, तो नॅशनल लीगमधील सिनसिनाटी रेड्सशी दोन सामने खेळला आणि ७–११ व २–१६ असा हरला. पहिल्या सामन्यातील धावसंख्या लक्षात घ्यावी. सर्वोच्च पातळीवरच्या संघापुढे ती मुळीच लाजिरवाणी नाही. दुसरे ठिकाण १८९६ चे. ‘क्यूबन एक्स-जायंट्स’ हा तेव्हा पूर्वेकडचा नामांकित कृष्णवर्णीय संघ होता. त्याच्याशी झालेल्या १५ सामन्यांच्या मालिकेत पेज फेन्सने १० जिंकले. माझ्या मते त्या ८२ विजयांपेक्षा हे १० विजय अधिक मोलाचे आहेत, कारण इथे समोर बरोबरीचे खेळाडू होते.

तेव्हाच्या खेळाडूंचा दर्जा दाखवणारा एक पुरावा अ‍ॅड्रियन शहरातच आहे. शहराचा मिशिगन स्टेट लीगमध्ये खेळणारा एक स्वतंत्र संघ होता, त्यात गोरे खेळाडू होते. १८९५ मध्ये त्या संघाने पेज फेन्सचे पिचर जॉर्ज विल्सन आणि कॅचर व्हॅस्को ग्रॅहम यांना आपल्याकडे घेतले. (बेसबॉल न पाहिलेल्या वाचकांसाठी : पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, कॅचर म्हणजे यष्टिरक्षकाच्या जागी बसणारा.) त्याच हंगामात एक एकवीस वर्षांचा गोरा तरुणही काही दिवस त्या संघात होता. त्याचे नाव होनस वॅगनर. १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिल्यांदा ज्या पाच जणांची निवड झाली, त्यांपैकी तो एक. विल्सन आणि वॅगनर एकाच लहानशा शहरात, एकाच गणवेशात खेळले. तिथून एकाचा रस्ता नॅशनल लीगला गेला आणि दुसऱ्याचा बंद झाला. विल्सन डावखुरे होते, चेंडू वेगवान होता, त्या हंगामात लीगमधले फलंदाज त्यांच्यापुढे टिकत नव्हते. कमी काय पडले, ते सांगण्याची गरज नाही.

आता संघ का बंद पडला. हा संघ कोणत्याही लीगचा सभासद नव्हता, आणि कृष्णवर्णीय संघांची टिकाऊ लीगही तेव्हा नव्हती. १८८७ मध्ये तसा एक प्रयत्न झाला होता, पण तो पंधरा दिवसही धड चालला नाही. लीग नाही म्हणजे ठरलेले वेळापत्रक नाही, जुनी चुरस नाही, गुणतक्ता नाही. रोज नवे गाव शोधायचे, तिकीटविक्रीतला वाटा ठरवायचा, खेळायचे आणि निघायचे. घरच्या मैदानावर हक्काचा प्रेक्षक उभा करावा, तर अ‍ॅड्रियनमध्ये सामने फारच थोडे होत. त्यात संघ सारखा जिंकत राहिला. गावचा माणूस आपल्या पोरांची फजिती पाहायला एकदा पैसे मोजतो, दुसऱ्यांदा विचार करतो. १८९८ मध्ये अमेरिका स्पेनशी युद्धात होती आणि देशभर बेसबॉलच्या मैदानांवरील गर्दी ओसरली होती. अशा वेळी संघ टिकायचा तर मागे कोणीतरी घट्ट उभे राहावे लागते. कुंपणाच्या कंपनीने जाहिरातीसाठी हा संघ धरला होता. जाहिरातीचे काम झाले, खर्च डोईजड झाला, आणि पाठबळ संपले. यात कंपनीला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. तिने दिले ते पुष्कळच दिले. मात्र चार वर्षांत तीनशेहून कितीतरी अधिक सामने जिंकलेल्या माणसांचा खेळ एका कारखान्याच्या खर्चवहीतील एका ओळीवर अवलंबून होता, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

प्रश्न : बड फाउलर यांनी संघ स्थापन केला, पण पहिल्याच हंगामात ते संघ सोडून गेले, असे एका ठिकाणी वाचले. हे खरे आहे का? त्यांच्याविषयी अधिक माहिती द्यावी.
(एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : खरे आहे. १८९५ च्या जुलैच्या मध्यास ते निघाले आणि मिशिगन स्टेट लीगमधील लॅन्सिंगच्या संघाकडे गेले. संघाची कल्पना त्यांची आणि जॉन्सन यांची होती, पण पैसा, व्यवस्थापन आणि निर्णय अ‍ॅड्रियनच्या गोऱ्या व्यावसायिकांच्या हाती होते. लीगमधल्या संघात, मग तो लहान का असेना, जागा मिळत असेल तर तिकडे जायचे, हा फाउलर यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता. मला त्यात हट्ट दिसतो, आणि तो हट्ट मला समजतो.

त्यांचे मूळ नाव जॉन जॅक्सन. जन्म १८५८ चा, न्यूयॉर्क राज्यातला. बालपण गेले कूपर्सटाउनमध्ये, म्हणजे आज जिथे बेसबॉलचे हॉल ऑफ फेम आहे त्याच गावात. १८७८ पासून ते गोऱ्यांच्या व्यावसायिक संघांत खेळले आणि म्हणूनच त्यांना पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक बेसबॉलपटू मानले जाते. एका गावात ते फार टिकत नसत, कारण त्यांना टिकू दिले जात नसे. व्यवसायाने ते न्हावी होते; हंगाम नसला किंवा संघाने काढून टाकले की दाढी-कटिंगवर पोट भरत.

ते दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठाव्या लागणाऱ्या दुसऱ्या ठाण्यावर, उभे राहत. आपल्याकडे ज्यांनी बेसबॉल पाहिला नसेल त्यांना ही जागा समजावून सांगायला हवी. धावणारा खेळाडू दुसरा बेस गाठण्यासाठी जमिनीवरून पाय पुढे करून घसरत येतो आणि त्याच्या बुटांच्या तळाला धातूचे अणकुचीदार दात असतात. बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूने चेंडू झेलून त्याला बाद करायचे असते, म्हणजे नजर चेंडूवर आणि पाय समोरच्याच्या वाटेत. बेस सोडून फाउलर यांची नडगी फोडण्यासाठीच घसरत येणारे गोरे खेळाडू इतके होते की फाउलर यांनी दोन्ही पायांना गुडघ्याखाली लाकडी पट्ट्या बांधायला सुरुवात केली. त्या काळातील क्रीडापत्रांत याची नोंद आहे. क्रिकेटमध्ये पॅड बांधतात ते चेंडूसाठी. फाउलर यांच्या पट्ट्या माणसांपासून बचावासाठी होत्या.

१८८७ मध्ये ते इंटरनॅशनल लीगमधील बिंगहॅम्टनच्या संघात उत्तम फलंदाजी करत होते. गोऱ्या सहकाऱ्यांच्या विरोधामुळे त्यांना हंगामाच्या मध्येच मुक्त करण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १४ जुलै १८८७ रोजी, त्या लीगच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत असा ठराव केला. योगायोग असा की त्याच दिवशी शिकागोचा प्रख्यात कर्णधार कॅप अ‍ॅन्सन याचा संघ नेवार्कशी प्रदर्शनीय सामना खेळणार होता, आणि नेवार्कचे कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्ही त्या सामन्यात खेळले नाहीत, कारण त्यांच्यासमोर उतरायला अ‍ॅन्सन तयार नव्हता. वरच्या लीगमध्ये तर असा लेखी ठरावही लागला नाही. मालकांनी आपापसात समजून घेतले. पेज फेन्स जायंट्सची गरज का पडली, याचे उत्तर त्या उन्हाळ्यात आहे.

फाउलर १९१३ मध्ये वारले. त्यांच्या कबरीवर पुढची सुमारे पाऊणशे वर्षे नावाचा दगडही नव्हता; १९८७ मध्ये बेसबॉलच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी तो बसवला. २०१३ मध्ये कूपर्सटाउनने मैदानाकडे जाणाऱ्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिले आणि २०२२ मध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

प्रश्न : हे वाचताना बाळू पालवणकर यांची आठवण झाली. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत का? त्यांची तुलना करता येईल का?
(एक वाचक, खडकी)

उत्तर : काळ अगदी एकच आहे. चर्मकार समाजातील बाळू पालवणकर १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे, नेट लावण्याचे काम करत होते आणि साहेबांना फलंदाजीच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकत होते. फलंदाजी करायला मात्र त्यांना कोणी बोलावले नाही. त्यांची डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू संघाने, बऱ्याच वादानंतर, त्यांना संघात घेतले. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरत होता. चहाच्या वेळी मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीचे कप आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या बोळक्यात चहा. फाउलर लाकडी पट्ट्या बांधत होते आणि बाळू बोळके हातात घेऊन बाहेर उभे होते. दोन्हींत फार वर्षांचे अंतर नाही.

पण तुलना जपून करावी. बाळूंना संघाची गरज होती आणि संघाला बाळूंची, म्हणून सवर्ण हिंदूंच्या संघाचे दार त्यांच्यासाठी अर्धे का होईना उघडले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. अमेरिकेत दार अर्धेही उघडे राहिले नाही, म्हणून तिथल्या खेळाडूंना संघच वेगळा काढावा लागला, आणि पुढे लीगही. या दोन वाटांपैकी कोणती अधिक कठीण, हे ठरवण्याचा अधिकार त्यांवरून चाललेल्यांना आहे, मला नाही. एक मात्र नोंदवतो. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सत्पुरुषांना. म्हणजे आपण जी तुलना आज करत आहात ती या शहराने आधीच करून ठेवली आहे.

प्रश्न : पेज फेन्सच्या खेळाडूंचे आकडे आता मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत धरले जातात का?
(एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, कृष्णवर्णीयांच्या सात लीगना मान्यता दिली आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे नोंदींत घेतले, परंतु ती मान्यता १९२० ते १९४८ या काळापुरती आहे. त्याआधीचे फिरते संघ लीगमध्ये नसल्याने बाहेर राहिले. ज्यांना लीगमध्ये येऊ दिले नाही, त्यांचे आकडे लीगमध्ये नव्हते म्हणून मोजले जात नाहीत. नियम म्हणून ते समजू शकते. तरी मला ते खटकते.

प्रश्न : संघ मोडल्यावर या खेळाडूंचे काय झाले?
(एक वाचिका, नारायण पेठ)

उत्तर : त्यांच्यातील बहुतेक जण १८९९ मध्ये शिकागोला गेले आणि तिथे ‘कोलंबिया जायंट्स’ या नावाने खेळू लागले. या वेळी पाठीशी कुंपणाची कंपनी नव्हती, शिकागोतील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय मंडळींचा क्लब होता. हा फरक महत्त्वाचा आहे. पुढे १९०१ मध्ये फ्रँक लीलँड यांनी तो संघ शहरातील दुसऱ्या कृष्णवर्णीय संघात मिळवला, आणि १९०२ मध्ये त्या जोडसंघात रूब फॉस्टर नावाचे तरुण पिचर आले. १९२० मध्ये कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीयांची पहिली टिकाऊ लीग स्थापन झाली ती याच फॉस्टर यांच्या पुढाकाराने. अ‍ॅड्रियनच्या डब्यापासून त्या बैठकीपर्यंतचा धागा असा सलग आहे. १८९५ मध्ये संघात असलेले सॉल व्हाइट यांनी १९०७ मध्ये कृष्णवर्णीय बेसबॉलचा इतिहास लिहून काढला. तो नसता तर आज यातले बरेचसे आपल्याला कळलेही नसते.

एका खेळाडूची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. चार्ली ग्रँट १८९६ मध्ये पेज फेन्समध्ये आले आणि फाउलर यांच्या जुन्या जागी, दुसऱ्या बेसवर खेळू लागले. १९०१ च्या वसंतात ते आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज येथे एका हॉटेलात सामान उचलण्याचे काम करत होते. तिथे बाल्टिमोरचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ आपला संघ सरावाला घेऊन आले होते. त्यांनी ग्रँट यांना मोकळ्या वेळात खेळताना पाहिले आणि हा माणूस आपल्याला हवाच, असे ठरवले. ग्रँट यांचा वर्ण तुलनेने उजळ आणि केस सरळ होते. मॅकग्रॉ यांनी त्यांना चेरोकी जमातीचा मूळ अमेरिकन ठरवले, ‘टोकोहामा’ हे नाव दिले आणि तशी बातमी वर्तमानपत्रांत पोहोचवली. म्हणजे मूळ अमेरिकन असाल तर चालेल, कृष्णवर्णीय असाल तर चालणार नाही. काही आठवडे बेत निभावला. परंतु शिकागोच्या संघाचे मालक चार्ल्स कोमिस्की यांनी ग्रँट यांना ओळखले. ग्रँट कोलंबिया जायंट्सकडून शिकागोतच खेळलेले होते, तिथले प्रेक्षक त्यांना नावानिशी ओळखत. कोमिस्की यांनी बोभाटा केला. मॅकग्रॉ काही दिवस आपल्या म्हणण्यावर अडून राहिले, मग खेळाडूला अजून पुरेसा अनुभव नाही असे कारण देऊन त्यांनी ग्रँट यांना वगळले. ग्रँट शिकागोला परतले, कोलंबिया जायंट्सचा गणवेश चढवला आणि पुन्हा दुसऱ्या बेसवर जाऊन उभे राहिले.